न खणणारे वझलवार काका

वझलवार काका आमच्या घरात पहिल्यांदा शिरले ते खोकी मागायला. आम्ही त्याच दिवशी सकाळी इंदूरहून भोपाळच्या बाग सेवनियातल्या त्या कॉलनीत उतरलो होतो. अर्धं सामान ट्रकमध्ये, अर्धं अंगणात, गॅस अजून जोडायचा होता आणि माझं डोकं फिरलेलं होतं. तेवढ्यात बनियन आणि खाकी पँट घातलेला एक उंच, वाळका गृहस्थ फाटकातून सरळ आत आला, फ्रिजच्या खोक्यावर टिचकी मारून म्हणाला, "हे टाकून देणार का?"

"अहो, फ्रिज आतच आहे अजून," मी म्हटलं.

"काढा ना मग. मी थांबतो."

थांबतो म्हणाले खरे, पण थांबणं त्या माणसाच्या रक्तातच नव्हतं. फ्रिज बाहेर येईपर्यंत त्यांनी अंगणाला फेऱ्या घातल्या, नळ उघडून बंद केला, हमालांना कपाट कुठून धरायचं ते शिकवलं आणि विवेकला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, नोकरी कुठे, पगार वेळेवर होतो का, हे सगळं विचारून घेतलं. विवेक मंडीदीपच्या कारखान्यात आहे हे कळल्यावर त्यांचा चेहरा एकदम खुलला. "म्हणजे खोकी रोजच येतील!" खोकं हातात पडताच त्यांनी त्यावरची चिकटपट्टी टराटरा सोलून काढली. "ही खालच्या लोकांना पचत नाही," असं मला सांगितलं आणि खोकं डोक्यावर घेऊन निघून गेले. खालचे लोक म्हणजे त्यांच्या वाफ्यातली गांडुळं, हे मला दुसऱ्या दिवशी सुमतीकाकूंनी सांगितलं. सुमतीकाकू म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या घरातलं शांत बसणारं माणूस ते तेवढंच.

आमचं फाटक आणि त्यांचं फाटक समोरासमोर, मध्ये कॉलनीचा रस्ता. नऊ वर्षं मी त्या माणसाला रोज पाहिलं आणि नऊ वर्षांत एक चहाचा कप त्यांनी एका जागी बसून संपवलेला मला आठवत नाही. दोन घोट माझ्या ओट्यावर, पुढचे दोन रस्त्यात, आणि उरलेला चहा कुठेतरी कुंपणावर थंड होऊन सापडायचा. माझे तीन कप त्यांच्या बागेत हरवले. मागितले की म्हणायचे, "असतील बाप्पा, कुठं जातात? माती काही खात नाही चिनी मातीला."

ती बाग हा काकांचा श्वास होता. आणि तिचा एकच कायदा होता, तिथे खणायचं नाही. कुदळ नाही, फावडं नाही, खुरपंसुद्धा नाही. लोखंड म्हणून त्या मातीत जाऊ द्यायचं नाही. त्याच बागेत एका उन्हाळ्यात बोअर खणायची गाडी आली आणि ती काकांनीच आणली. काकांची गोष्ट सांगायची तर मला त्या दिवसापर्यंत यावंच लागतं.

आमच्या कॉलनीतली जमीन म्हणजे निव्वळ छळ. बिल्डरने विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे आणि मुरूम पसरून वर चार बोटं काळी माती टाकलेली. उन्हाळ्यात तिला भेगा पडायच्या, पावसात चपलेला तिचा किलोभर गोळा चिकटायचा. बाकीच्यांनी हौसेने माळी बोलावून खणून घेतलं, मलबा उपसला, पुन्हा माती विकत आणली. काकांनी काहीच उपसलं नाही. मलब्यावरच खोकी अंथरली, पाण्याने चिंब भिजवली, त्यावर शेण, त्यावर पाला, त्यावर सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, पुन्हा पाला. "वरून टाकायचं. खाली काय करायचं ते खालचे लोक बघतील. आपण त्यांच्या घरात कुदळ घेऊन कशाला घुसायचं?"

बरं, हे तत्त्वज्ञान सांगणारा माणूस शांत असेल म्हणावं तर तेही नाही. बी लावलं की दिवसातून दहा वेळा कुटार बाजूला सारून बघायचे. मूळ धरलं का ते पाहायला भोपळ्याची रोपं उपटून बघायचे आणि पुन्हा खोचायचे. ती रोपं अर्थातच मरायची. मग म्हणायचे, "बी हलकं दिलं त्यानं." बिट्टन मार्केटचा बीवाला बिचारा दर वर्षी शिव्या खायचा. काकू मला म्हणायच्या, "मीनल, मातीला हात लावू नका म्हणून जगाला सांगतात, आणि स्वतःचा हात काही मातीतून निघत नाही." पाहुणे आले की काकूंनी पोहे पुढे ठेवायच्या आधीच काका त्यांना अंगणात नेऊन पाला उचलायचे आणि खालची गांडुळं दाखवायचे. पोहे परत जायचे.

पण एक सांगते, त्या बागेचे बटाटे मी खाल्लेत. माघ संपता संपता काकांनी मला हाक मारली. "अगं ए, इकडे ये. काय करून राहिली घरात?" गेले तर म्हणाले, "घाल हात." मी कुटारात कोपरापर्यंत हात घातला आणि गार, गुळगुळीत बटाटा हाताला लागला. मातीचा कणही न लागलेला, धुवायचीसुद्धा गरज नाही असा. मी चांगली पंचेचाळीस वर्षांची बाई, तिथेच लहान मुलीसारखी किंचाळले. काका इतके खूश झाले की सगळी कॉलनी गोळा करून एकेकाला हात घालायला लावला. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी तिवारीजीसुद्धा बाह्या सरसावून वाकले. "अरे वाह, वझलवार साहब! ये तो बैंक का लॉकर है!"

पानगळीच्या दिवसांत मात्र काकांच्या वाऱ्याला उभं राहायची सोय नसायची. होळीच्या सुमाराला रस्त्यांवर कडुलिंब आणि पिंपळाचा खच पडतो आणि झाडूवाले त्याचे ढीग करून पेटवून देतात. काका सकाळी स्कूटरवर रिकामी पोती बांधून निघायचे आणि कुठे धूर दिसला की तिकडे वळायचे. एकदा मी ऑफिसला निघाले असताना होशंगाबाद रोडच्या कडेला हा माणूस पेटलेला ढीग चपलेने विझवताना दिसला. शेजारी झाडूवाली कमरेवर हात ठेवून ओरडत होती, "बाबूजी, पागल हो गए हो क्या? पैर जल जाएगा!" चप्पल जळलीच. काका एक चप्पल घालून आणि दोन पोती घेऊन घरी आले. काकूंनी बर्नॉल तेवढं पुढे ठेवलं. मला मात्र राहवेना. मी म्हटलं, "काका, एवढा पाला कमी पडला असता तर काय झालं असतं?"

"तुला नाही समजणार," ते म्हणाले. "उघडी माती मला बघवत नाही."

मला वाटलं, विक्षिप्तपणा. दुसरं काय वाटणार?

त्यांच्या नोकरीबद्दल ते कधी बोलत नसत. वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले, एवढं सांगायचे. आजीच्या वडाभाताचं रसभरीत वर्णन करायचे. पण तुम्ही काय करत होतात, असं विचारलं की त्यांना एकदम नळ बंद करायचा राहिल्याचं आठवायचं. ते सरकारी खात्यात बोअरचे पॉइंट काढणारे भूवैज्ञानिक होते, गावोगाव हिंडून पाणी कुठे लागेल ते सांगायचं हेच त्यांचं काम होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा कॉलनीत पाणी उरलेलं नव्हतं.

त्या वर्षी एप्रिलमध्येच कॉलनीचा बोअर आटला. टँकर यायचा, पण कधी येईल याचा नेम नाही. बायका बादल्या लावून उन्हात उभ्या. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांचे तर हाल कुत्रा खात नव्हता. तिवारीजींनी कुठूनतरी एक पाणी बघणारा आणला. तो तळहातावर आडवा नारळ ठेवून चालायचा, आणि नारळ आपोआप उभा राहील तिथे पाणी. त्याचा नारळ कॉलनीच्या पार्कमध्ये घसरगुंडीजवळ उभा राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, उदबत्त्या लावल्या, बोअर खणला. आतून नुसती पांढरी भुकटी आली. घसरगुंडी तेवढी पांढरी झाली.

काका त्या दिवशी घराबाहेर आले नाहीत. खिडकीच्या आत मात्र त्यांची येरझार चाललेली मला दिसत होती.

मग कुणीतरी तिवारीजींना सांगितलं की वझलवार खात्यातले. आणखी एकदाच बोअर खणण्याएवढी सोसायटीची ऐपत होती. आता चूक चालणार नव्हती. तिवारीजी चौघांना घेऊन त्यांच्या दारात गेले. "साहब, आप ही बताइए कहाँ खोदें."

काका म्हणाले, "मला नाही जमत आता. सोडलं मी ते." आणि दार लावून घेतलं.

तिवारीजी पुन्हा गेले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गेले तेव्हा काकांनी मागच्या दाराने स्कूटर काढली. कॉलनीचं तोंड काय, ते सुटलंच. बागेला पाणी लागतं ना, मग चोरून भरत असतील, इथपासून सुरुवात झाली. खरं तर त्या ओल्या पाल्याखालच्या मातीला भांडी घासलेल्या पाण्यावर भेंडी येत होती. पण मग एक दिवस आमच्या विवेकने काकांना भल्या सकाळी पाहिलं. मागच्या बाजूच्या बुजलेल्या जुन्या विहिरीपासून ते रस्त्यावरच्या जांभळापर्यंत आणि जांभळापासून सरळ स्वतःच्या अंगणापर्यंत ते चालत होते, मध्येच वाकून दगड बघत होते. विवेकने ते सहज सांगितलं आणि काका पाण्याची रेघ शोधत होते, असा सगळ्यांच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. पाणी वझलवारांच्या बागेखाली होतं. त्यांना ते माहीत होतं. आणि बाग जाईल म्हणून ते बोलत नव्हते.

मी तडक त्यांच्या घरी गेले. माझा आवाज मुळातच बारीक नाही. "काका, बटाट्यांसाठी माणसं तहानेने मारता का तुम्ही?" असं मी दारातूनच विचारलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग माझ्या अंगावरूनच बाहेर निघून गेले.

काकू म्हणाल्या, "बस. त्यांना बटाट्यांची पडलेली नाही गं."

मग काकूंनी जे सांगितलं ते असं. निवृत्तीच्या आदल्या उन्हाळ्यात रायसेनकडच्या एका खेड्यात काकांनी पॉइंट काढला होता. बायका हंडे घेऊन मशीनभोवती बसल्या होत्या. खात्याची मर्यादा तीनशे फुटांची. त्याच्याही खाली जायचं तर काकांनी सही करायची, एवढंच. तीनशेपर्यंत कोरडी भुकटी आली. पुढच्या गावाला गाडी संध्याकाळपर्यंत पोचायची होती. काकांनी भुकटी हातात घेऊन पाहिली, खाली काही नाही म्हणाले आणि गाडी उचलायला सांगितली. गावातलं कुणी भांडलं नाही. उलट निघताना एका म्हातारीने सगळ्यांना चहा दिला. त्या चहाचं पाणी तिची सून नदीवरून डोक्यावर आणत होती, हे काकांना कप रिकामा झाल्यावर कळलं.

"त्या दिवसापासून हे असे आहेत," काकू म्हणाल्या. "रात्री उठून बसतात. म्हणतात, मी नीट पाहिलं का, मी घाई केली का. निवृत्त झाले त्या दिवशी घरी येऊन म्हणाले, आता मी जमिनीत काही घालणार नाही. बाग जाईल म्हणून नाही गं घाबरत ते. इथेही कोरडं निघालं तर, म्हणून घाबरतात. पुन्हा सगळे हंडे घेऊन बसतील आणि पुन्हा हे सांगतील की नाही पाणी. ते आता त्यांना सोसणार नाही."

मी उठले आणि घरी आले. माझ्याच शब्दांनी मला दुपारभर काही सुचू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर समोर काका त्यांच्या बागेत उभे होते. भेंडी आणि चवळीच्या मध्ये पाला सारून त्यांनी चुन्याचा गोल काढला होता. मला म्हणाले, "तिवारीला बोलाव. लवकर बोलाव. नाहीतर मी पुसून टाकीन."

गाडी आत घ्यायला कुंपणाची भिंत पाडावी लागली. नऊ-दहा वर्षं ज्या मातीवर काकांनी कुणाला पाय देऊ दिला नव्हता, वाफ्यांच्या मधूनच चालायचं म्हणून माझ्या मुलाला ओरडले होते, तिच्यावरून दहा चाकांचा ट्रक गेला. चवळी, भेंडी, पुदिना, सगळं दबून सपाट झालं. मला रडू फुटलं. काका तिकडे बघतही नव्हते. त्यांचं सगळं लक्ष रिगच्या, म्हणजे खणायच्या यंत्राच्या, पाइपाकडे होतं.

काम सुरू झालं आणि कानठळ्या बसल्या. पांढरा धुरळा घरांवर, झाडांवर, आमच्या केसांवर. काका गाडीभोवती फिरत होते, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. प्रत्येक पाइप खाली गेला की मूठभर भुकटी उचलायचे, बोटांत चोळायचे, वास घ्यायचे, टाकायचे. काकू पायरीवर बसून जप करत होत्या. शंभर झालं, दोनशे झालं. तीनशेवर रिगवाल्याने मशीन थांबवलं आणि तोंड पुसत तिवारीजींकडे पाहिलं.

"सूखा है, साहब. क्या करना है?"

तिवारीजींनी हात टेकले. "बस, रहने दो. और क्या."

"नाही!" काका इतक्या जोरात ओरडले की पुढच्या गल्लीतला कुत्रा भुंकायला लागला. "चलाओ! रुकना नहीं है! पाइप डालो, मैं बोल रहा हूँ ना!"

त्यांचा चेहरा पांढरा, त्यात नुसते दोन लाल डोळे. रिगवाला घाबरून वर चढला. आणखी एक पाइप गेला. कोरडं. आणखी एक गेला. काकूंचा जप थांबला. मग भुकटीचा रंग एकदम गडद झाला, ती ढेकळं होऊन पडायला लागली, आणि मी काय होतंय ते विचारणार तोच पाणी उसळलं. आधी गढूळ, मग भरभरून, कडुलिंबाच्या शेंड्यापर्यंत. सगळी कॉलनी त्याच्याखाली नाचत होती. तिवारीजी चष्म्यासकट भिजले. मीही भिजले, आणि लाज सोडून ओरडले.

पाण्याचा पहिला लोटा घेऊन मी काकांना शोधायला गेले. ते गाडीच्या मागे चिखलात उकिडवे बसले होते. हातात ओल्या दगडाची कपची होती.

"काका, जिंकलात तुम्ही! प्या ना."

त्यांनी लोटा घेतला नाही. कपची माझ्यापुढे धरली. "मीनल, हाच दगड होता गं तिथे. तीनशेला हाच दगड होता. मी हातात धरला होता."

ते उठले, चिखलाचे हात पँटीला पुसले आणि थेट रिगवाल्याकडे गेले. रायसेनकडे जायचं काम आहे का, असं त्याला विचारलं. त्याचं परवाचं काम त्याच बाजूला होतं. बास. दुसऱ्या दिवशी सकाळी काका त्या ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी चढून बसले. काकू रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी घेऊन मागे धावल्या. "अहो, जेवून तरी निघा!" मी विचारलं, "आणि बागेचं काय करायचं?" ते म्हणाले, "खणू नका. वरून पाला टाका," आणि गाडी निघाली.

त्याच आठवड्यात विवेकची पिथमपूरला बदली झाली. पुन्हा खोकी, पुन्हा ट्रक. आमचं शेवटचं सामान चढत होतं तेव्हा काका परत आले. दाढी वाढलेली, शर्टावर पांढरे डाग. मी धावतच रस्त्यावर गेले.

"लागलं?"

"लागलं," ते म्हणाले. "जुन्याच भोकात पाइप सोडले. भरपूर लागलं. म्हातारी नाही आता. सून होती."

"अहो मग! किती चांगलं झालं, काका!"

"तीनशेच्या खाली चाळीस फूट," ते म्हणाले. "चाळीस फूट म्हणजे किती, माहीत आहे तुला?"

ते त्यांच्या फाटकाला हात लावून उभे राहिले. मग रस्ता ओलांडून चालत आमच्या फाटकापर्यंत आले आणि त्याला हात लावला. "एवढं. एवढंच राहिलं होतं गं." पुन्हा वळून त्यांच्या फाटकापाशी गेले. "एवढ्यासाठी त्या बाया इतकी वर्षं नदीवर गेल्या." पुन्हा माझ्याकडे आले.

मी त्यांचा हात धरला. "काका, पुरे. आत चला. काकू वाट बघतायत." त्यांनी हात सोडवून घेतला, पण रागाने नाही.

विवेकने गाडी सुरू केली. काकू दारात उभ्या होत्या, त्यांनी मला हात केला. कोपऱ्यावर वळताना मी मागे पाहिलं. काका अजून चालत होते, त्यांच्या फाटकापासून आमच्या रिकाम्या घराच्या फाटकापर्यंत, आणि परत.